काळूदाचे बगळे

मित्रांनो, पृथ्वी शेषाच्या मस्तकावर आहे असं म्हणतात. असेल. पण ज्याच्या नुसत्या नावाने तिन्ही लोकांतली विघ्नं वाट सोडून पळतात, त्या गणरायाचा भार कोणी वाहिला? शेषाने नाही. मी वाहिला.

मी एक जुना पाट आहे. फणसाचा. माझा एक कोपरा उंदराने खाल्लेला आहे, आणि तो उंदीर गणपतीचा नव्हता, साधाच होता. गणरायाचा भार मी वर्षातून जेमतेम महिना-दोन महिने वाहिला. उरलेल्या काळात माझ्यावर वालाचं पोतं असे. खरं सांगायचं तर पोतं जड होतं.

माझा जन्म रोह्याच्या अलीकडच्या एका गावातला. पोपट नावाच्या शेतकऱ्याच्या परसातला फणस वाऱ्याने आडवा झाला, तेव्हा सुताराने त्यातून मला काढलं. पोपटने माझ्या पाठीवर डांबराने आपलं नाव लिहिलं. तिकडे रीत अशी होती, की आपल्या घरचा पाट आधीच पेणला गणपतीच्या कारखान्यात नेऊन द्यायचा. मूर्ती त्याच पाटावर घडते आणि चतुर्थीच्या आधी पाटासकट घरी येते. त्यामुळे दरसाल मी गाडीने पेणला जायचो तो पोपटच्या काखेत, आणि परत यायचो तो त्याच्या डोक्यावर. येताना वर देव असायचा म्हणून. नाहीतर पाटाला डोक्यावर कोण घेतं?

पुढे पोपटचा मुलगा आदर्श धाटावला कंपनीत लागला. एका वर्षी शिफ्ट सुटल्यावर तो टेम्पोतून तयार मूर्तीच घेऊन आला. हलकी, चकचकीत, आणि खाली स्वतःची बैठक असलेली. मी तेव्हा पेणला होतो. माझ्यावर माती चढायची तेवढी बाकी होती. पोपटने कारखान्यात फोन करून नको म्हणून कळवलं. कारखान्याचा मालक प्रविणशेठ म्हणाला, "बरं, पण पाट घेऊन जा."

"येतो कधीतरी," पोपट म्हणाला.

तो कधीतरी अजून यायचा आहे.

कारखान्यात मी भिंतीला टेकून राहिलो. माझ्यावर रंगाचे डबे ठेवले गेले, एकदा भेळही खाल्ली गेली. तिथून मला उचललं काळुरामने. त्याला सगळे काळूदा म्हणत. त्याचं काम आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचं. मातीचं काम कोणी करतं, रंग कोणी देतं, दागिने कोणी चढवतं, पण डोळे उघडायला एकच माणूस लागतो. काळूदा मला मांडीवर आडवा घ्यायचा, कोपर माझ्यावर टेकवायचा आणि श्वास धरायचा. आधी भुवई, मग पापणी, मग काळं बुबुळ. सगळ्यात शेवटी बुबुळात पांढरा ठिपका. तीळही मोठा वाटावा एवढा. तो ठिपका पडेपर्यंत मूर्ती ही माती असते. ठिपका पडला की ती तुमच्याकडे बघते, आणि कारखान्यातली पोरं उगाचच सदऱ्याची बटणं लावतात.

त्या ठिपक्याच्या वेळी काळूदाचं कोपर माझ्यावर असं टेकलेलं असे, की वाटावं, एक पाट दुसऱ्या पाटावर ठेवला आहे. हात म्हणून हलायचा नाही.

मग तो हलू लागला.

हे सगळ्यात आधी मला कळलं. पाटाला बोलता येत नाही, त्यामुळे मी ते कोणाला सांगितलं नाही, आणि ह्या माझ्या गुणाचं कोणी कौतुकही केलं नाही. काळूदा चहा अर्धा कप मागू लागला. प्रविणशेठ समजूतदार माणूस. त्याने काळूदाला काढलं नाही. त्याने त्याच्याकडचे डोळे काढून घेतले आणि दागिने दिले. मग दागिने काढून घेतले आणि पीतांबर दिलं. मग पीतांबरही काढून घेतलं आणि उंदीर दिला. उंदरालाही डोळे असतात, मित्रांनो. ते समीक्षा काढायची.

समीक्षा ही काळूदाच्याच हाताखाली शिकलेली मुलगी. हाताने चांगली, स्वभावाने त्याहून चांगली. त्यामुळे तिच्यावर रागावण्याचीही सोय नव्हती.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, हा कंप आहे, वाढेल की थांबेल ते आत्ता सांगता येत नाही, हाताला काम देत राहा. काळूदाने त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं. त्याची मुलगी सुरभी रोह्यात दिलेली. तिच्या शेजारी ऋतुजाबाई दर रविवारी चित्रकलेचा वर्ग घेत. सुरभीने बापाला पेस्टलच्या खडूंची पेटी आणून दिली आणि त्याचं नावही घातलं. वर्गात सगळी शाळेतली मुलं, आणि मधे काळूदा, मांडीवर मला घेऊन. बाकीच्यांकडे पुठ्ठ्याचे पॅड होते. माझ्या पाठीवरचं नाव वाचून एका मुलीने त्याला पहिला रविवारभर पोपटआजोबा म्हटलं. त्याने ऐकून घेतलं.

ऋतुजाबाई निसर्गचित्र शिकवत. डोंगर, झाडं, पाणी, आभाळ. त्यांचा नियम एकच. "रोज एक चित्र काढायचं. चांगलं यायला हवं असं नाही, पण रोज यायला हवं. सवय लागली की हात आपोआप वळतो."

"हात थांबतो काय, बाई?" काळूदाने विचारलं.

बाईंना प्रश्न कळला नाही. त्या म्हणाल्या, "थांबायचंच नाही, काका."

मित्रांनो, काळूदाला निसर्गाचं काही पडलेलं नव्हतं. ज्या माणसाने जन्मभर देवाच्या डोळ्यात बघितलं, त्याला आंब्याच्या झाडात काय दिसणार? त्याला हात परत हवा होता. कारखान्यात आखणी सुरू व्हायला अजून अवकाश होता. तोवर रोज एक चित्र काढायचं, आणि चित्र झालं की शेवटी कुठेतरी एक पांढरा ठिपका द्यायचा, डोळ्यात देतात तसा. ज्या दिवशी ठिपका ठिपक्यासारखा पडेल, त्या दिवशी प्रविणशेठकडे जाऊन आपली जागा मागायची. हे त्याने बायकोला सांगितलं नाही. बाईंना सांगितलं नाही. मला कळलं ते कोपरामुळे.

रोज उजाडता उजाडता तो मला काखेत मारून भोगावती नदीच्या बाजूला, खारीच्या बांधावर जायचा. माझ्यावर कागद ठेवून बायकोचे, चंद्रावतीचे, कपड्यांचे चिमटे लावायचा. समोर भरतीच्या पाण्याचं खाजण, पलीकडे तिवराची झाडी, त्यामागे डोलवीच्या प्लांटच्या चिमण्या आणि त्यांच्याही मागे डोंगर.  चंद्रावतीचे चिमटे रोज कमी व्हायचे.

"अवो, कपडे उडतात माजे," ती म्हणायची. "आनी चितारता काय, तर चिखल! चिखल बघायला बांधावर कशाला जाया पायजे? दारात हाय की."

"तू गप गो. शिकतोय मी."

"ह्या वयात?"

"मंग कुठल्या वयात शिकू, सांग."

तेव्हापासून ती दोरीवरचे कपडे गाठी मारून वाळत घालू लागली.

चित्रं वाईट यायची. मी त्यांच्या अगदी खाली असल्यामुळे हे अधिकाराने सांगू शकतो. काळूदा आधी डोंगराला काळी कड काढायचा, मुकुटाला काढतात तशी. मग झाडांना. मग ढगालासुद्धा. ऋतुजाबाई म्हणाल्या, "काका, ढगाला कड नसते." काळूदा म्हणाला, "मंग तो संपतो कुठं?" पेस्टलची भुकटी उडे आणि ती सगळी माझ्या भेगांत जाऊन बसे. थोड्याच दिवसांत मी निळसर हिरवा दिसू लागलो.

भुकटी झडते हे काळूदाला खटकत होतं. कारखान्यातून काही बाहेर जायचं तर त्यावर शेवटचा हात वॉर्निशचा. मग देव असो की उंदीर. तेव्हा एकदा त्याला चित्र बरं आलं असं वाटलं, पहाटेचं, पांढऱ्या ढगांचं. त्याने ते कारखान्यात नेलं आणि कॉम्प्रेसर लावून त्यावर वॉर्निशचा दणदणीत हात मारला. डोळ्यांदेखत पांढरे ढग गायब झाले. निळं आभाळ काळपट पडलं. पहाटेची अमावास्या झाली आणि ती चमकू लागली.

रविवारी बाईंनी ते उजेडाकडे धरून पाहिलं. "हे काय केलंत, काका?"

"पक्कं केलं."

"अहो, पेस्टल म्हणजे धूळच असते. तिला जपायचं, पण धूळच राहू द्यायचं."

"आमच्यात धूळ झाडून भायेर टाकतात," काळूदा म्हणाला, आणि मुलं हसली. तोही हसला. पण त्या दिवशी रोह्याहून परत येताना गाडीत तो मला मांडीवर घेऊन बसला होता, आणि त्याचा हात माझ्यावर नुसता ठेवलेला असूनही टकटक वाजत होता. समोरच्या बाईला वाटलं, भजन म्हणतोय.

आता ठिपक्याचं सांगतो.

पहिल्या दिवशी त्याने खाजणातल्या पाण्यावर पांढरा ठिपका दिला. हात हलला. ठिपक्याला बाजूने शेपूट आलं. दुसऱ्या दिवशी तिवराच्या काळ्या झाडीवर दिला. त्याला दोन्हीकडून शेपटं आली. काळूदाने चित्र चिमट्यातून काढलं आणि उलटं करून ठेवलं. रोज असंच. कधी ठिपका लांबायचा, कधी वाकायचा, कधी मधेच तुटून दोन व्हायचा.

एक दिवस त्याच्या शेजारचा शिवा डोलवीच्या प्लांटमधून रातपाळी संपवून मोटारसायकलवरून घरी चालला होता. बांधावर गाडी थांबवून तो वाकून बघू लागला.

"अरे काळूदा! काय बगला काढलास रे! आता उडंल असं वाटतं."

काळूदाने कागदाकडे पाहिलं. तिवरांच्या काळ्या हिरव्या गर्दीवर ती पांढरी, हललेली, दोन शेपटांची रेघ होती. बगळाच होता. पंख पसरून, मान आत घेऊन निघालेला.

"बगला नाय तो," काळूदा म्हणाला.

"मंग काय हाय?"

काळूदाने चिमटे काढले आणि कागद उलटा ठेवला. शिवा म्हणाला, "राहू दे, सांगू नको. कलाकार माणूस तू," आणि गेला. त्याने ते प्लांटच्या गेटवर सांगितलं, तिथून ते पेणच्या बाजारात आलं. लोक मुद्दाम बांधावर येऊ लागले. बगळे पाहून माना डोलवू लागले. मासळीवाल्या अनिताने तर जाता जाता बजावलं, "दादा, ह्यो उजवा बगला भुका हाय. त्याला मासा दाखवा कायतरी."

रोह्याला ऋतुजाबाईंनी सगळ्या मुलांना उठवून काळूदाचं चित्र दाखवलं. "बघा, पक्षी काढताना पक्षी काढायचा नसतो. एका झटक्यात त्याची हालचाल पकडायची. काका, हे तुम्ही कसं करता?"

"होतं," काळूदा म्हणाला.

मित्रांनो, इथे माझी पंचाईत पहा. माझ्यावर टेकलेलं कोपर दिवसेंदिवस जास्त हलत होतं, आणि जितकं हलत होतं तितके बगळे जिवंत होत होते. आधी ते नुसते उडायचे. पुढे वळू लागले. मग उतरताना पाय खाली सोडू लागले. बाई म्हणत, सरावाचा परिणाम. डॉक्टर गोळ्या बदलत. काळूदा दोघांचं ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी उजाडता बांधावर जायचा. एकही दिवस चुकला नाही. ताप असताना गेला. पुतणीचं लग्न होतं, तेव्हा हळद लागण्याआधी जाऊन आला. सवय लागली होती. तेवढी मात्र पक्की लागली.

आखणीचे दिवस आले. कारखान्यात उभं राहायला जागा नव्हती. काळूदाने स्वच्छ सदरा घातला, मला पुसून काखेत घेतलं आणि प्रविणशेठसमोर उभा राहिला.

"शेठ, एक दे. घरातलाच दे, छोटा. जमला नाय तर परत नाय येनार तोंड घेऊन."

प्रविणशेठने समीक्षाकडे पाहिलं. समीक्षा लगेच उठली आणि तिने स्वतःची जागा पुसून दिली. "बसा, दादा. इथं उजेड बरा हाय."

त्याने मला मांडीवर घेतलं. भुवई काढली. समोरून पाहणाऱ्याला ती बरी वाटली असती. पापणी दोनदा पुसून काढली. बुबुळ भरलं. कोणीतरी रेडिओ बंद केला. काळूदाने श्वास धरला, मीही धरला, कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट आवळलं, ते माझ्यावर दाबलं, एवढं दाबलं की माझी भेग करकरली. आणि पांढरा ठिपका दिला.

गणपतीच्या काळ्याभोर बुबुळात एक सुंदर बगळा उडत होता.

 मग प्रविणशेठ म्हणाला, "राहू दे, काळूदादा. ओला हाय, पुसता येईल."

समीक्षाने ओल्या कापडाच्या टोकाने बगळा पुसला, बुबुळ परत भरलं आणि ठिपका दिला. एकदाच. मग ती बाजूला झाली आणि म्हणाली, "दादा, बघा ना, बरोबर हाय?"

काळूदाने पाहिलं. मूर्ती त्याच्याकडे पाहत होती.

"बरोबर हाय," तो म्हणाला. तिला आणखी काही शिकवण्यासारखं त्याला सापडलं नाही. निघताना त्याने सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

दुसऱ्या दिवशी तो उजाडता उठला, पण मला न घेता गेला. खडूंची पेटी फळीवरच राहिली. रविवारी तो रोह्याला गेला नाही. पुढच्याही रविवारी नाही. तेव्हा ऋतुजाबाईच पेणला आल्या. रोह्यात त्यांच्या विद्यार्थ्यांचं प्रदर्शन होतं आणि त्यांना काळूदाची चित्रं हवी होती. चंद्रावतीने ती पलंगाखालून काढून दिली. बाई एक एक जमिनीवर मांडत गेल्या, तशी खोली बगळ्यांनी भरली.

"काका, भिंतभर लावते तुमचे बगळे."

"बगले नायत ते, बाई."

"म्हणजे?"

"डोले हायत. रोज एक डोला काढायला गेलो. रोज एक फुटला. हे सगले फुटलेले डोले हायत." त्याने हात पुढे केला. बाईंनी तो पहिल्यांदा नीट पाहिला असावा. हात आपल्या मनाने हलत होता.

बाई खाली बसल्या. म्हणाल्या, "मी तुम्हाला सांगत राहिले, थांबायचं नाही म्हणून."

"तुमी काय खोटं सांगितलं? नायच थांबला."

"काका, खरं सांगू? आता तुम्ही सांगितलंत, तरी मला बगळेच दिसतात. मी काय करू?"

"न्या मंग," काळूदा म्हणाला. "ज्याला दिसतात त्यानं न्यावं."

त्या सगळी घेऊन गेल्या. प्रदर्शनाला काळूदा गेला नाही. चंद्रावती मात्र ठेवणीतली साडी नेसून रोह्याला गेली आणि संध्याकाळी परत आली.

"अवो, गर्दी काय व्हती तुमच्या बगल्यांसमोर! एक बाई तर रडली."

"कशाला?"

"मी इचारलं तिला. बोलली, किती मोकले हायत."

काळूदा हसला. त्याचं ते हसणं मला आवडलं नाही. चंद्रावतीलाही नसावं, कारण तिने त्यानंतर चित्रांचं नाव काढलं नाही. दोरीवर आता सगळे चिमटे असतात.

सकाळी तो अजूनही बांधावर जातो. सवयीला कोण समजावणार? मांडीवर हात ठेवून बसतो. शिवा सांगतो, खाजणात खरे बगळे उतरले की काळूदा तोंड फिरवून डोलवीच्या चिमण्या बघत बसतो. चिमण्या हलत नाहीत.

मित्रांनो, अशा आत्मवृत्ताच्या शेवटी बोध द्यायची रीत आहे. सरावाने सगळं साधतं, असं तुम्हाला शाळेत सांगितलं असेल. मी सरावाच्या खाली पडून होतो. रोज केल्याने जे यायचं ते येतं, आणि ते तुम्ही मागितलेलंच असेल असं नाही. मग लोक त्याचं कौतुक करतात. कौतुक करताना जरा त्या माणसाच्या हाताकडेही बघा, एवढं म्हणावंसं वाटतं. पण पाटाचं कोण ऐकतं? आणि ऐकून त्या हाताला काय उपयोग?

तेव्हा बोध राहू द्या. जुन्या वस्तू जपा, असंही म्हणणार नाही, कारण मला चंद्रावतीने कामाला लावलं आहे. मापाने बरोबर बसलो, म्हणून तिने मला मागल्या दारच्या पाण्याच्या पिंपावर झाकण केलं आहे. थंडावा आहे. तक्रार नाही. फक्त, आलात कधी आणि पाणी घेतलंत, तर मला परत नीट झाका. तिरका ठेवू नका. डास होतात.